बाजरीचं पीठ आणि कुलूप लावलेला लेख

या वेळेला तुमच्यापैकी बऱ्याच जणी भाकरी थापत असणार. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. आजचा विषय भाकरीचाच आहे. निदान सुरुवात तरी तिथूनच होते.

आमच्या प्रभागातल्या एका गटानं बाजरीचं पीठ पिशव्यांत भरून विकायला सुरुवात केली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. तेव्हापासून शहरातल्या लोकांना बाजरी-नाचणीचा एकदम पुळका आलाय, हे तुम्ही प्रदर्शनांतून पाहतच आहात. गटानं अंतर्गत कर्ज काढलं, पिशव्या छापून आणल्या, पिशवी सील करायचं यंत्र घेतलं. पहिली मोठी ऑर्डर गेली आणि पंधरा-वीस दिवसांत दुकानदाराचा फोन आला. पीठ कडू झालंय, माल घेऊन जा. अर्ध्याहून जास्त पिशव्या परत आल्या. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला भरायचाच होता.

आता बाजरीचं पीठ कडू होतं हे काय आपल्याला नवीन आहे? आपण घरी आठवड्यापुरतीच बाजरी दळून आणतो, गव्हासारखी महिन्याची दळत नाही. आईनं केलं, सासूनं केलं, म्हणून आपणही करतो. का, ते कुणी विचारलं नव्हतं. घरात चार दिवसांत संपणाऱ्या पिठाला तो प्रश्न पडत नाही. दुकानात महिनाभर राहणाऱ्या पिठाला पडतो.

बैठकीत सगळ्या गप्प होत्या. तेव्हा गटातल्या एक काकू म्हणाल्या, “ताई, एवढी कृषी विद्यापीठं हायती. कुणी तरी शिकलेल्या माणसानं यावर काही शोधलं असंलच की.”

मी बीए केलंय. इंग्रजी अडखळत का होईना, वाचता येतं. रात्री पोरं झोपल्यावर मोबाईल घेऊन बसले. आणि काकूंचं खरं निघालं. शोधलेलं होतं. आपल्याच राज्यातल्या एका कृषी विद्यापीठात, बाजरी दळण्याआधी तिच्यावर काय प्रक्रिया केली तर पीठ जास्त टिकतं, यावर काम झालेलं होतं. लेखाचं नाव दिसलं, लिहिणाऱ्यांची नावं दिसली, खाली आठ-दहा ओळींचा सारांश दिसला. वाटलं, झालं काम. पुढे सरकवलं तर एक चौकट आली. पूर्ण लेख वाचायचा असेल तर पैसे भरा. रक्कम डॉलरमध्ये होती. हिशेब केला, तीन हजारांच्या घरात जात होती. आमच्या गटात एक सभासद महिन्याला शंभर रुपये बचत करते, म्हणजे वर्षाचे बाराशे. तिच्या अडीच वर्षांच्या बचतीत एक लेख. तोही परदेशी कार्डावर चालणारा व्यवहार, आपल्या रुपे कार्डानं होईल की नाही कुणास ठाऊक.

मला राग पैशांचा आला नाही, खरं सांगते. राग आला तो याचा, की बाजरी आपली, शेत आपलं, विद्यापीठ सरकारच्या म्हणजे आपल्या पैशावर चालणारं, संशोधन करणाऱ्यांचा पगार आपल्याच करातून. मग हे कुलूप लावलं कुणी? आणि किल्ली कुणाकडे आहे? ते शोधत मी दोन महिने घालवले. जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

शास्त्रज्ञ संशोधन करतात, त्यावर लेख लिहितात. तो लेख शोधपत्रिकेकडे पाठवतात. शोधपत्रिका म्हणजे फक्त संशोधनाचे लेख छापणारं मासिक, इंग्रजीत त्याला जर्नल म्हणतात. पत्रिका तो लेख त्याच विषयातल्या दुसऱ्या दोन-तीन जाणकारांकडे तपासायला देते. लिहिणाऱ्याला लेखाचे पैसे मिळत नाहीत. तपासणाऱ्यांनाही बहुतेक ठिकाणी काही मिळत नाही. लेख छापून आला की नोकरीत बढतीला उपयोग होतो, नाव होतं, म्हणून सगळे हे करतात. मोठ्या पत्रिका चालवणाऱ्या कंपन्या परदेशातल्या आहेत. एल्सव्हिअर ही त्यातली एक फार मोठी. तिच्या या धंद्यात शंभर रुपये उत्पन्नामागे तीस रुपयांहून जास्त नफा गेली कित्येक वर्षं राहिलेला आहे. आपल्या लोणच्या-पापडात किती सुटतात ते तुम्ही मनातल्या मनात मोजा. कच्चा माल फुकट मिळाला तर आपलंही गणित जमेल!

पण कंपनीनं दुसऱ्याच्या लेखाला कुलूप कसं लावलं? चोरी करून नाही. लिहिणाऱ्यानं स्वतः सही करून दिलं. इथंच कॉपीराइट येतो.

कॉपीराइट म्हणजे स्वामित्वहक्क. आपल्या देशात त्याचा कायदा १९५७ चा आहे. कुणीही काही लिहिलं की त्या लिखाणाची पहिली मालकी लिहिणाऱ्याची. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. तुमच्या मुलीनं वहीत कविता लिहिली तर ती तिची झाली. लेखक असेपर्यंत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षं हा हक्क चालतो. नोकरीत केलेल्या कामाची मालकी नोकरी देणाऱ्याची, असंही कलम त्यात आहे, पण शोधलेखांच्या बाबतीत पत्रिकेच्या कागदावर सही करतात ते प्राध्यापकच.

ती सही कशावर करतात हे समजायला आपल्याला शेतीचं उदाहरण पुरेल. जमीन दुसऱ्याला द्यायची असेल तर दोन रीती आहेत. एक, खरेदीखत करून देणं. फेरफार झाला, सातबाऱ्यावरचं तुमचं नाव गेलं, उद्या त्याच बांधावरून शेळी नेली तरी विचारून न्यावी लागते. दुसरी, खंडानं किंवा बटाईनं देणं. कसायला त्याला दिली, मालकी तुमची. कॉपीराइटच्या कायद्यातही हेच दोन प्रकार आहेत. हक्क कायमचा नावावर करून देता येतो, किंवा नुसता वापराचा परवाना देता येतो. दोन्ही लेखी असावं लागतं. आणि गंमत बघा, हक्क नावावर करून देताना किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल, तर आपला कायदा पाचच वर्षं धरतो. कुठल्या देशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरतं धरतो. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याच्या बाजूनं बराच उभा आहे. पण कंपनीच्या छापील कागदावर आधीच लिहिलेलं असतं: सगळ्या जगासाठी, हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी. खाली सही.

लेख छापायला कंपनीला खरेदीखत लागतं का? लागत नाही. छापण्याचा परवाना दिला तरी तिचं काम भागतं. पण समोर खरेदीखत ठेवलं जातं, आणि बढतीची घाई असलेला माणूस त्यावर सही करतो.

हे मला कुणी सांगितलं? ज्यांचा तो बाजरीचा लेख होता, त्यांनीच. लेखाला कुलूप असलं तरी लेखाच्या नावाखाली मुख्य लेखकाचा ई-मेल पत्ता बहुतेक वेळा उघडा दिसतो, आणि त्यावर लिहायला पैसे पडत नाहीत. मी मराठीतच लिहिलं. आम्ही अमक्या गावच्या बचत गटातल्या महिला, बाजरीचं पीठ विकतो, ते कडू होतं, तुमचा लेख वाचायचा आहे, पैसे भरून घेणं आम्हाला शक्य नाही, तुम्ही पाठवू शकाल का. एवढंच. आठ दिवसांनी उत्तर आलं, सोबत लेख. खाली फोन नंबर होता आणि लिहिलं होतं, अडलं तर फोन करा.

मी फोन केला. त्या मॅडम निवृत्तीला आलेल्या. म्हणाल्या, “इतक्या वर्षांत हा लेख वाचायला मागणाऱ्या पीठ दळणाऱ्या तुम्ही पहिल्याच.” मी विचारलं, मग मॅडम, तुम्ही तो सगळ्यांना दिसेल असा ठेवला का नाही? त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, “अहो, त्या कागदावर सही करताना मी तो वाचलाच नव्हता. सगळेच करायचे. आता छापलेली प्रत मला माझ्याच विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकता येत नाही.”

मैत्रिणींनो, आपल्याला प्रत्येक प्रशिक्षणात बजावून सांगतात, कर्जाच्या कागदावर न वाचता सही करू नका, अंगठा उठवू नका. खासगी फायनान्सवाल्यांच्या कागदांनी किती घरांत रडारड झाली ते आपण पाहिलंय. आणि पीएचडी झालेली बाई मला सांगत होती की तिनंही तेच केलं. मला त्यांचा राग आला नाही. उलट त्या आपल्यातल्याच वाटल्या.

त्यांनी मला जी प्रत पाठवली ती छापील नव्हती. साध्या टाईपातली, पानाला ओळींचे आकडे असलेली. तेव्हा कळलं की एका लेखाच्या तीन पायऱ्या असतात. पहिली, पत्रिकेला पाठवलेला कच्चा लेख. दुसरी, जाणकारांनी तपासून, दुरुस्त्या होऊन पत्रिकेनं स्वीकारलेला लेख. तिसरी, कंपनीनं सजवून छापलेला. दुसऱ्या आणि तिसऱ्यात मजकूर जवळजवळ तोच असतो, फरक पानांच्या मांडणीचा. बऱ्याच कंपन्या ही दुसऱ्या पायरीची प्रत लेखकाला स्वतःच्या संस्थेच्या संग्रहात ठेवू देतात. काही लगेच, काही सहा महिन्यांनी, वर्षांनी. म्हणजे खरेदीखत झालं तरी एक पायवाट शिल्लक असते. पण ती आहे हे लेखकाला माहीत पाहिजे, आणि ती प्रत त्यानं जपून ठेवलेली पाहिजे. पुष्कळ जण छापील लेख आला की ती पुसून टाकतात.

या पायवाटेचा पक्का रस्ता कसा करायचा, हे काही ठिकाणी छान शोधून काढलंय. अमेरिकेत हार्वर्ड नावाचं मोठं विद्यापीठ आहे. तिथल्या कला आणि विज्ञान शाखांच्या प्राध्यापकांनी फेब्रुवारी २००८ मध्ये सभा घेऊन एकमतानं ठराव केला. यापुढे आम्ही लिहिलेल्या प्रत्येक लेखाचा, सर्वांना वाचायला देण्याचा परवाना आम्ही आमच्या विद्यापीठाला आधीच देत आहोत. यातलं ‘आधीच’ महत्त्वाचं. कंपनीचा कागद नंतर येतो. तोवर विद्यापीठाचा हक्क लागून गेलेला असतो. आपल्या सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा रकाना असतो ना? त्यात पाण्याच्या पाटाचा, विहिरीच्या हिश्शाचा, वाटेचा हक्क नोंदलेला असला की जमीन कुणीही घेवो, त्याला तो पाळावा लागतो. तसंच हे. एखाद्या प्राध्यापकाला एखाद्या लेखापुरती सवलत हवी असेल तर ती मागायची मुभाही ठेवली. एकट्या प्राध्यापकानं कंपनीशी भांडायचं म्हणजे एकट्या बाईनं सावकाराशी भांडण्यासारखं. सगळ्यांनी मिळून ठराव केल्यावर भांडणच उरलं नाही. गट कशाला करायचा, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत आणखी एक झालं. तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या पैशावर झालेलं काम छापून आल्यावर वर्षाच्या आत ‘पबमेड सेंट्रल’ या मोफत संग्रहात ठेवलंच पाहिजे, असा नियम लागू झाला. १ जुलै २०२५ पासून तर ती वर्षाची वाटही पाहायची नाही. आपल्याला याचा उपयोग आहे बरं का. आजारपणाबद्दल काही शोधायचं असेल आणि घरात इंग्रजी वाचणारी मुलगी असेल तर तिला या संग्रहाचं नाव सांगून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डपेक्षा ते बरं.

आपल्याकडे काही नाही असं मात्र समजू नका. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं २०१३ मध्ये, आणि केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान व जैवतंत्रज्ञान या दोन विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये धोरण काढलं, की आमच्या पैशावरचे लेख मोफत संग्रहात ठेवा. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’ नावाच्या संग्रहात बरेच सापडतात. इतर विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर असतात, ते गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे केंद्र सांभाळतं. प्रबंध म्हणजे मोठं बाड असतं, पण त्याला एक फायदा आहे. लेखात आठ पानांत दाबून बसवलेलं असतं ते प्रबंधात सविस्तर, कृतीसकट लिहिलेलं असतं. आमच्या मॅडमनी सांगितल्यावर मी तिथेही पाहिलं, आणि बाजरीवरचं कितीतरी मिळालं. एक रुपया न भरता. हे आधी माहीत असतं तर त्या रात्री मी तेवढी चिडले नसते. धोरणांची मात्र गत आपल्या गावातल्या पाण्याच्या योजनेसारखी आहे. टाकी बांधलेली असते, पाणी सोडलं का हे विचारणारं कुणी लागतं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांचं एक मासिक आहे, ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’. १९५५ पासून निघतं. त्यांनी ते इंटरनेटवर सगळ्यांना मोफत खुलं केलं, तेही लिहिणाऱ्यांकडून पैसे न घेता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना जमलं, हे लक्षात ठेवायला हवं. कारण आता दुसरा एक प्रकार निघालाय. कंपन्या म्हणतात, ठीक आहे, वाचणाऱ्याला मोफत देतो, पण मग छापण्याचे पैसे लिहिणाऱ्यानं द्यायचे. ती रक्कम कधी कधी लाखांत जाते. म्हणजे मॉलमध्ये स्टॉल लावायचं भाडं बचत गटाकडून घ्यायचं आणि वर म्हणायचं, गिऱ्हाईकाला प्रवेश फुकट. लहान कॉलेजातल्या संशोधकानं एवढे पैसे कुठून आणायचे?

आणि सरकारनं काढलेली नवी योजना. तिचं नाव तुम्ही कदाचित बातम्यांत ऐकलं असेल, ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशकांच्या जवळपास १३,००० पत्रिका सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि संशोधन संस्थांतल्या सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी-शिक्षकांना वाचायला मिळणार. चांगलं आहे. तालुक्याच्या सरकारी कॉलेजातल्या मुलीला आता मोठ्या शहरातल्या मुलीइतकं वाचता येईल. तुमची लेक, भाची, पुतणी सरकारी कॉलेजात असेल तर तिला हे जरूर सांगा, तिच्या ग्रंथपालांनाही विचारायला लावा. पण आपला बचत गट काही महाविद्यालय नाही. खासगी कॉलेजातली मुलगीही यात अजून नाही. आणि माझं मत विचाराल तर, हे किल्लीचं भाडं झालं. कुलूप तसंच आहे. तीन वर्षांनी पुन्हा भाडं. त्या ६,००० कोटींबरोबरच सगळ्या सरकारी विद्यापीठांनी हार्वर्डसारखा ठराव केला असता तर पुढचे लेख तरी कुलपात गेले नसते. ठराव करायला पैसे लागत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, ताई, लेख इंग्रजीत. मोफत मिळाला तरी आम्हाला काय? हा प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याचं उत्तर कॉपीराइटमध्येच आहे. भाषांतर करण्याचा हक्क हासुद्धा मालकाचाच असतो. हक्क कंपनीला दिला असेल तर लेखाचं मराठी करून या मासिकात छापायला कंपनीची परवानगी लागेल. पण लेखकानं हक्क स्वतःकडे ठेवून ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चा खुला परवाना लावला असेल, म्हणजे माझं नाव द्या आणि खुशाल वापरा, तर आपण त्याचं मराठी करू शकतो, रेडिओवर वाचू शकतो, भिंतीवर लिहू शकतो. आणि एक गोष्ट कुणीच कुलपात ठेवू शकत नाही. लेखातली माहिती. कॉपीराइट शब्दांवर असतो, शोधलेल्या गोष्टीवर नसतो. त्यामुळे बाजरीचं काय निघालं हे मी माझ्या शब्दांत तुम्हाला बिनधास्त सांगू शकते. तर सांगतेच.

बाजरीत तेलाचा अंश गहू-ज्वारीपेक्षा जास्त, शंभर ग्रॅममागे पाच ग्रॅमच्या आसपास. दाणा अख्खा असतो तोवर ते तेल सुरक्षित. दळलं की दाण्यातच असलेलं एक पाचक द्रव्य, लायपेज त्याचं नाव, तेलाशी मिसळतं आणि ते तोडायला लागतं. त्यामुळे पीठ खवट-कडू होतं. हे द्रव्य उष्णतेनं निकामी होतं. म्हणून दळण्याआधी बाजरी काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून काढायची, निथळायची, आणि पूर्ण वाळवून मग दळायची. बस. हे वाचून काकू म्हणाल्या, “एवढ्यासाठी तीन हजार?”

पहिल्या वेळी आमचं फसलं, तेही सांगते. ढगाळ दिवस होते, बाजरी नीट वाळली नाही, चक्कीवाल्यानं ओलसर बाजरी परत पाठवली आणि उरलेल्या पोत्याला बुरशी आली. दुसऱ्या वेळी कडक उन्हात पातळ पसरून दोन दिवस वाळवली, दाताखाली कटकन फुटते का ते पाहिलं, मगच दळली. ते पीठ आधीच्यापेक्षा बरंच जास्त टिकलं. नेमके किती दिवस टिकतं हे पिशवीवर छापायचं असेल तर मात्र प्रयोगशाळेतून तपासून घ्या, अंदाजानं तारीख टाकू नका. गटाचं कर्ज अजून फिटायचंय, पण माल परत येणं थांबलंय.

बाजरीचं एवढं मनावर घ्यायचं कारण, गोष्ट नेहमी पिठाचीच नसते. गडचिरोलीतल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी बायकांच्या आजारांचा अभ्यास केला होता. ६५० बायका तपासल्या, त्यात ९२ टक्के बायकांना अंगावरून जाणं, पाळीच्या तक्रारी, असे काही ना काही स्त्रीरोग निघाले. त्यातल्या जेमतेम ८ टक्के बायकांची त्याआधी कधी तशी तपासणी झाली होती. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नामांकित पत्रिकेत छापून आला आणि खेड्यातल्या बाईचं दुखणं बाळंतपणापलीकडेही असतं हे जगाला दिसलं. तिथं छापून आलं म्हणून जगानं ऐकलं, हे खरंच आहे. पण डॉ. राणी बंग यांनी पुढे बायकांच्या आरोग्यावर मराठीतही लिहिलं, ‘कानोसा’ नावाचं पुस्तक केलं, म्हणून ते आपल्यापर्यंतही आलं. आपल्या अंगातलं रक्त, आपल्या घरातलं वजन-उंची, आपण लाजत लाजत दिलेली उत्तरं, यांतून संशोधन होतं. सगळेच जण परत येऊन ते मराठीत सांगत नाहीत.

म्हणून आमच्या ग्रामसंघानं गेल्या बैठकीत एक ठराव लिहून घेतला. गावात कुणीही सर्वेक्षणाला आलं, मुलं येवोत की मोठे साहेब, तर संमतीच्या कागदावर सही करण्याआधी त्यांना विचारायचं. तुमचा लेख कुठं छापणार? तो आम्हाला पैसे न भरता वाचता येईल का? लेखाचा हक्क तुम्ही स्वतःकडे ठेवणार की छापणाऱ्याला देऊन टाकणार? आणि एक पानभर मराठीत आम्हाला लिहून देणार का? लेख लिहिणाऱ्यानं पत्रिकेच्या कागदाला एक पुरवणी जोडून, संस्थेच्या संग्रहात प्रत ठेवण्याचा आणि भाषांतराचा हक्क मी राखून ठेवतो, असं लिहिता येतं. अशा पुरवणीचे तयार नमुनेही मिळतात. पत्रिका कधी मान्य करते, कधी करत नाही. मान्य नाही केलं तर निदान दुसऱ्या पायरीची प्रत जपून ठेवा, एवढं तरी आपण सांगू शकतो.

हे भाषण माझं आहे. त्याचा हक्क मी माझ्याकडे ठेवलाय आणि संपादकताईंना फक्त छापायची परवानगी दिली आहे. कुणाला आपल्या गटात वाचून दाखवायचं असेल, आपल्या बोलीत सांगायचं असेल, झेरॉक्स काढून वाटायचं असेल तर खुशाल करा, विचारायची गरज नाही.

परवाच दोन विद्यार्थी आले होते, बायकांच्या आहारावर प्रश्नावली घेऊन. पहिलंच घर काकूंचं. काकूंनी त्यांना पाणी दिलं, गूळ-शेंगदाणे दिले, आणि विचारलं, “बाळांनो, छापल्यावर आमाला वाचाया मिळंल, का कुलूप लावनार?” पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग त्यातल्या एकानं बाहेर ओट्यावर जाऊन त्याच्या सरांना फोन लावला. बराच वेळ बोलला. आत येऊन म्हणाला, सर म्हणतायत विचारून सांगतो. काकू म्हणाल्या, सांगा की. सही तवर ऱ्हाऊ द्या.